पेटंट मिळाले म्हणजे काय सिद्ध झाले?

वर्तमानपत्रांत दर महिन्या-दोन महिन्यांनी एक ठरावीक बातमी येते : अमुक प्राध्यापकांच्या, अमुक विद्यार्थ्याच्या 'शोधाला' पेटंट मिळाले. सोबत छायाचित्र असते, यंत्राचे नाही तर बाटलीचे. शाळेच्या फलकावर कात्रण लागते, परिपाठाच्या वेळी ते वाचून दाखवले जाते. अभिनंदन करण्यात गैर काहीच नाही. पण बातमी ऐकून आठवीतल्या एखाद्या मुलीने विचारले, "सर, पेटंट मिळाले म्हणजे ती वस्तू खरोखर चालते असे ठरले का?" तर आपण काय उत्तर देऊ?

या एका प्रश्नाच्या निमित्ताने, शोधांविषयी आपल्याकडे जे लोकप्रिय लेखन होते त्याची थोडी झाडाझडती घेण्याचा आमचा विचार आहे. उदाहरणे दोन टोकांची निवडली आहेत. एक आहे प्रथिन-अभियांत्रिकी, म्हणजे प्रथिनांच्या रेणूंत हेतुपूर्वक बदल करण्याचे शास्त्र. दुसरे आहे कातडीवर काही काळ टिकणारे रंग : मेंदी, मतदानाची शाई, तात्पुरते गोंदण. पहिला विषय नोबेल पारितोषिकांचा, तर दुसरा जत्रेतल्या टपरीचा. वरवर यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, पण आहे. कातडीवर रंग बसतो तो बहुतेक वेळा प्रथिनालाच धरून बसतो. आणि दोन्ही विषयांवर पेटंटे भरपूर आहेत.

एक शब्द, तीन अर्थ

गोंधळाची सुरुवात आपल्या एका शब्दातच आहे. हरवलेल्या बैलाचा आपण शोध घेतो. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचा शोध लावला असे शिकवतो. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफचाही शोधच लावला. पहिल्या वाक्यात वस्तू आपली आहे, पण हरवली आहे. दुसऱ्यात ती आधीपासून निसर्गात आहे, फक्त कोणाला समजली नव्हती. तिसऱ्यात ती कुठेच नव्हती, माणसाने घडवली. हिंदीत निदान खोज आणि आविष्कार अशी वेगळी घरे आहेत. मराठीत आविष्कार म्हटले की आपल्याला कलाविष्कार आठवतो.

भाषेत चालून जाणारा हा गोंधळ पेटंटच्या, म्हणजेच एकस्वाच्या, कायद्यात चालत नाही. तो कायदा नेमका या फरकावरच उभा आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील तिसरे कलम कशाकशाला 'घडवलेले' मानायचे नाही याची यादीच देते. निसर्गात आढळणारी सजीव वा निर्जीव वस्तू नुसती सापडली, तर ती पेटंटयोग्य नाही. पारंपरिक ज्ञानाचीच नवी मांडणी असेल, तर तीही नाही. उरलेल्यांना तीन चाळण्यांतून जावे लागते. ते नवे असले पाहिजे, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखे नसले पाहिजे आणि उद्योगात उपयोगी पडण्यासारखे असले पाहिजे.

या तीन चाळण्या पुन्हा एकदा वाचाव्यात. 'सुरक्षित आहे', 'स्वस्त आहे', 'प्रयोगशाळेत तपासून खरे ठरले आहे' अशी चौथी चाळणी त्यांत नाही. पेटंट कार्यालयात परीक्षक असतात, प्रयोगशाळा नसते. परीक्षक कागद वाचतो, जुने कागद शोधतो आणि दोन्हींची तुलना करतो. आठवीतल्या मुलीचे उत्तर इथेच मिळते : नाही, चालते असे ठरले नाही, असे आधी कोणी मांडल्याचे परीक्षकाला आढळले नाही, एवढेच ठरले.

मोरिवलीहून पाहताना

हा फरक शिकवण्याची सर्वांत जास्त गरज कुठे असेल तर ती मोरिवलीसारख्या ठिकाणी. अंबरनाथच्या पश्चिमेला चिखलोली-मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. जवळच उल्हासनगर, पलीकडे बदलापूर. इथल्या शाळांत कारखान्यात काम करणाऱ्यांची मुले येतात. रसायन त्यांना पाठ्यपुस्तकाआधी नाकाने कळते.

ठाणे जिल्ह्यातल्या अशा पट्ट्याच्या वाढीत १९७० च्या त्याच कायद्याचा वाटा आहे. तो १९७२ पासून अंमलात आला. त्याने औषधे, अन्न आणि रसायने यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट देणे बंद केले. फक्त बनवण्याच्या पद्धतीवर देणे चालू ठेवले. म्हणजे एखादे औषध परदेशी कंपनीचे असले तरी ते वेगळ्या मार्गाने बनवून दाखवणाऱ्याला रस्ता मोकळा होता. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी हे वेगळे मार्ग शोधण्यात मोठे कौशल्य मिळवले. १ जानेवारी २००५ पासून पदार्थांवरची पेटंटे पुन्हा सुरू झाली आणि त्यांची मुदत आता २० वर्षांची आहे. 'पदार्थ' आणि 'पद्धत' हा कोरडा वाटणारा भेद मोरिवलीच्या मुलांच्या घरच्या चुलीशी असा जोडलेला आहे. शोधांवरच्या लेखांत मात्र तो क्वचितच सापडतो. तिथे शास्त्रज्ञाचे बालपण असते, चिकाटी असते, योगायोग असतो. कायदा नसतो आणि कारखानाही नसतो.

मेंदी : न घडवलेली शाई

आता तळहाताकडे वळू. मेंदीच्या पानांत लॉसोन या रंगद्रव्याचा कच्चा माल साखरेच्या रेणूला जोडलेल्या रूपात असतो. पाने वाटली, थोडी आंबट ओल मिळाली की तो सुटा होतो आणि हवेतील ऑक्सिजनमुळे लॉसोन तयार होते. लिंबू पिळण्याची घरगुती रीत इथे समजते. लॉसोनचा छोटा रेणू कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरात शिरतो. हा थर केराटिन या प्रथिनाने भरलेला आहे. केराटिनच्या साखळीवर जागोजागी नायट्रोजन असलेले अमिनो गट असतात आणि लॉसोन त्यांच्याशी रासायनिक बंध जोडते. म्हणून मेंदी पाण्याने धुतली जात नाही. तो मृत थर झडून नवा येईपर्यंत, म्हणजे आठवडा ते तीन आठवडे, रंग टिकतो. तळहातावर आणि तळपायावर हा थर जाड असल्यामुळे तिथे मेंदी जास्त रंगते. सासूच्या किंवा नवऱ्याच्या प्रेमाचा तिच्याशी संबंध नाही, हे सांगून एखाद्या वर्गात हशा मिळवता येईल.

वर्गात करण्यासारखा प्रयोगही सोपा आहे. पांढऱ्या लोकरीचा आणि पांढऱ्या सुताचा एकेक धागा मेंदीच्या ओल्या लगद्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी धुवावा. लोकरही केराटिनचीच असते, सूत सेल्युलोजचे. लोकर कितीतरी जास्त रंगलेली दिसेल. प्रयोग धाग्यांवरच करावा, मुलांच्या हातांवर नको.

दक्षिण अमेरिकेतल्या लोकांची हीच युक्ती वेगळ्या झाडावर आहे. जागुआच्या कच्च्या फळातला जेनिपिन नावाचा रेणू मुळात रंगहीन असतो. तो कातडीतल्या प्रथिनांच्या अमिनो गटांशी जोडला गेला की निळा-काळा होतो. आज प्रयोगशाळांत जेनिपिनचा उपयोग प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना सांधण्यासाठी होतो. जखमेवरचे पापुद्रे, ऊतींसाठीचे साचे असे पदार्थ त्यातून बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. जंगलातली शाई आणि प्रथिनांचे आधुनिक शास्त्र यांची गाठ इथे पडते. मग जागुआची शाई 'शोधली' कोणी? ज्यांनी फळ फोडून अंगावर चित्रे काढली त्यांनी, की ज्याने बंध कुठे जुळतो ते सांगितले त्याने? आमच्या मते पहिल्यांनी घडवली, दुसऱ्याला उलगडली. दोन्ही कामे मोठी आहेत, पण ती एक नाहीत.

काळी मेंदी : बाटलीवरचा एक शब्द

खरी मेंदी कधीच काळी नसते. ती नारिंगी ते तांबूस-तपकिरी असते. जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर किंवा लग्नात अर्ध्या तासात काळीभोर उमटणारी 'मेंदी' दिसली तर तिच्यात बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, मिसळलेले असते. हे केस काळे करण्याच्या कलपातले रसायन आहे. युरोपात केसांच्या कलपात ते प्रत्यक्ष लावताना २ टक्क्यांपर्यंतच चालते आणि थेट कातडीवर लावायला परवानगी नाही. अमेरिकेतही कातडीवरच्या वापराला मान्यता नाही.

कारण पुन्हा प्रथिनच. पीपीडीपासून तयार होणारे रेणू कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात. एवढा छोटा रेणू एकटा असता तर शरीराच्या संरक्षण-यंत्रणेने त्याच्याकडे लक्षही दिले नसते. प्रथिनाला चिकटलेला रेणू मात्र तिला परका वाटतो आणि ती त्याची ओळख लक्षात ठेवते. काही दिवसांनी नक्षीच्या रेषेबरहुकूम फोड येतात, कधी व्रण राहतो. पुढे तीच व्यक्ती वीस वर्षांनी केसांना कलप लावते तेव्हा चेहरा सुजतो. काही रंगांची आणि काही भूल देणाऱ्या मलमांचीही तिला बाधा होऊ शकते. दहा वर्षांच्या मुलीच्या हातावरची नक्षी पंधरा दिवसांत जाते, पण ॲलर्जी जन्मभर राहू शकते.

अशा बाटलीवर 'नैसर्गिक' असे छापलेले असते, क्वचित 'पेटंट' असेही. ग्राहकाच्या मनात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होतो : निर्धोक. लोकप्रिय लेखांनी हा अर्थ पुसायला हवा होता. पण 'नैसर्गिक ते चांगले' आणि 'पेटंट ते सिद्ध' ही दोन्ही गृहीतके अशा लेखांतूनच पसरली. निसर्गातले लॉसोनसुद्धा सर्वांना निर्धोक नाही. ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असते, अशा तान्ह्या मुलांना मेंदी लावल्यामुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर आजार झाल्याची वैद्यकीय नोंद आहे.

हळदीची लढाई : कोणी काय जिंकले?

शोध आणि पेटंट यांविषयी मराठीत सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट हळदीची. ती साधारण अशी सांगतात : अमेरिकेने आपली हळद पळवली, डॉ. रघुनाथ माशेलकरांनी ती परत जिंकून आणली. गोष्टीतला अभिमान रास्त आहे, पण तपशील सैल आहे.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना हे पेटंट मिळाले. दोघेही भारतीय वंशाचे होते. पेटंट हळदीवर नव्हते. जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड देण्याच्या पद्धतीवर होते. त्यात सहा दावे होते : पोटातून देणे, वरून लावणे, दोन्ही करणे, शस्त्रक्रियेच्या जखमेवर देणे, अशा पद्धतीचे. भारतात मुरगळणे आणि सूज यांवर हळद वापरतात, असे त्याच कागदात नमूद होते. माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली. ३२ जुने संदर्भ सादर केले, त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंधही होता. १९९७ मध्ये अमेरिकी कार्यालयाने दावे रद्द ठरवले.

इथे वाचकाने दोनदा थांबावे. पहिला थांबा : आजीचा बटवा हा पुरावा म्हणून का पुरला नाही? कारण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट नुसती माहीत किंवा वापरात असून भागत नव्हते, ती छापून प्रसिद्ध झालेली असावी लागे. लक्षावधी घरांतले ज्ञान त्या कायद्याला दिसत नव्हते, एक छापील पान दिसत होते. पुढे अमेरिकेने २०११ साली कायदा बदलला. भारताने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारायला घेतले ते याच धड्यावरून. नोंद ठेवणे हे कारकुनी काम वाटते, पण ही लढाई नोंदीनेच जिंकली.

दुसरा थांबा अधिक अवघड आहे. पेटंट रद्द झाल्याने हळद जखम बरी करते असे सिद्ध झाले का? नाही. तो समज जुना आहे, एवढेच सिद्ध झाले. पेटंट टिकले असते तरी हळद परिणामकारक ठरली नसती, आणि रद्द झाल्याने ती निरुपयोगीही ठरत नाही. परिणाम तपासायला रुग्णांचे दोन गट करून काळजीपूर्वक चाचण्या कराव्या लागतात. हळदीतल्या कर्क्युमिनवर हजारो निबंध आहेत. त्यांचा आढावा २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामवंत नियतकालिकात आला. तो असे सांगतो की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही आणि प्रयोगनळीत अनेक चाचण्यांना चकवतो. अभिमानाच्या गोष्टीत हे पान कोणी जोडत नाही. आमच्या मते ते जोडल्याने माशेलकरांचे काम लहान होत नाही. ते काम नेमके काय होते हे स्पष्ट होते.

प्रथिन हवे तसे बनवता येते का?

आता दुसऱ्या टोकाकडे. प्रथिन-अभियांत्रिकीवरचे लेख बहुधा असे सुरू होतात की शास्त्रज्ञ आता हवे तसे प्रथिन बनवू शकतात. हे वाक्य कितपत खरे आहे ते एका साध्या वस्तूवर पाहू : कपडे धुण्याची पावडर.

पावडरीत सब्टिलिसिन नावाचे विकर घालतात. ते एका जिवाणूपासून मिळते आणि रक्त, अंडे, दूध यांच्या डागांतली प्रथिने तोडते. पण ब्लीचच्या सान्निध्यात ते लवकर निकामी होते. सब्टिलिसिनची साखळी २७५ अमिनो आम्लांची आहे. २२२ व्या जागेवर मेथिओनिन आहे आणि त्यातल्या गंधकाला ऑक्सिजन जोडला गेला की विकर मंदावते. १९८५ मध्ये अमेरिकेतील जेनेनटेकच्या संशोधकांनी या एका जागी बाकीची १९ अमिनो आम्ले एकेक करून बसवून पाहिली. काही रूपांनी ब्लीचला दाद दिली नाही, मात्र त्यांतली बरीचशी मुळातल्यापेक्षा मंद चालत. त्यातल्या त्यात बरे कोणते, हा पुढचा व्यवहार. ठरावीक जागी असा बदल करण्याची पद्धत मायकेल स्मिथ यांची आणि तिला १९९३ चे नोबेल मिळाले.

बिघडणारी जागा माहीत असेल तर हे जमते. नसेल तर? गणिताच्या शिक्षकांसाठी हिशेब देतो. २७५ जागांपैकी एकच बदलायची तर २७५ गुणिले १९, म्हणजे ५,२२५ शक्यता. दोन जागा एकदम बदलायच्या तर सुमारे १ कोटी ३६ लाख. तीनचा आकडा मुलांनी काढावा. फ्रान्सिस आर्नोल्ड यांनी म्हणून निसर्गाचीच रीत उचलली : जनुकात अंदाधुंद बदल घडवायचे, हजारो रूपे तपासायची, जे बरे निघेल त्यात पुन्हा बदल करायचे. १९९३ मध्ये त्यांनी अशाच पद्धतीने सब्टिलिसिनचे एक रूप मिळवले. एका सेंद्रिय द्रावकाचे प्रमाण ६० टक्के असतानाही ते मूळ विकरापेक्षा २५६ पट काम करत होते. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा त्यांना मिळाला. २०२४ चे नोबेल संगणकाने प्रथिनांची रचना करणाऱ्या डेव्हिड बेकर यांना, आणि प्रथिनांची घडी ओळखणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाले. तरीही संगणकाने सुचवलेले प्रथिन प्रयोगशाळेत बनवून तपासावेच लागते आणि सुचवलेल्यांपैकी अनेक नापास होतात. 'हवे तसे बनवतात' यापेक्षा 'पुष्कळ बनवतात आणि हवे ते निवडतात' हे वाक्य सत्याच्या जास्त जवळ आहे. मुलांना धीर देणारेही तेच आहे.

याच फरकावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मोठा खटला झाला. कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या एका प्रथिनाला अडवणाऱ्या प्रतिपिंडांवर ॲमजेन कंपनीचे पेटंट होते. तिने २६ प्रतिपिंडांच्या साखळ्या प्रत्यक्ष लिहून दिल्या होत्या. हक्क मात्र तेच काम करणाऱ्या यच्चयावत प्रतिपिंडांवर सांगितला होता. बाकीचे कसे मिळवायचे? तर अशाच चाचण्या करून शोधा, असे कागद सांगत होता. मे २०२३ मध्ये न्यायालयाने एकमताने हा हक्क नाकारला. जेवढे मागता तेवढे इतरांना करता येईल असे लिहा, असा निकालाचा मथितार्थ. आम्हाला हा निकाल शाळेतल्या गणिताच्या वहीसारखा वाटतो. २६ उदाहरणे सोडवून 'याप्रमाणे सर्व' असे लिहिले तर गुरुजी सर्व गुण देत नाहीत.

जाणारे गोंदण, न जाणारी शाई

तात्पुरत्या गोंदणाच्या शाईतही हाच धडा आहे. सुईने टोचलेला रंग कातडीच्या आतल्या जिवंत थरात जातो. तिथल्या भक्षक पेशी तो गिळून बसतात. पेशी मेली की रंग सुटतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवले. म्हणजे गोंदण टिकते ते रंग जागचा हलत नाही म्हणून नव्हे. गिळण्याची पाळी न संपता चालू राहते म्हणून. रंग विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांत भरायचा, ठरल्या वेळी गोळ्या फुटून रंग वाहून जाईल, अशा कल्पनांवर पेटंटे झाली. कल्पना नवी होती, कागद पक्का होता. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीने अशी विरघळणारी शाई बाजारात आणली आणि ९ ते १५ महिन्यांत गोंदण जाईल असे सांगितले. अनेक ग्राहकांचे ते त्या मुदतीत गेले नाही आणि कंपनीला मुदत वाढवून सांगावी लागली. पेटंटच्या परीक्षकाची यात चूक नाही. 'नऊ महिन्यांत जाते का' हे पाहणे त्याचे काम नव्हतेच.

उलट उदाहरण आपल्या डाव्या तर्जनीवर असते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला लावली जाणारी शाई राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने विकसित केली आणि म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात ती बनते. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट कातडीवरच्या मिठाशी संयोग पावते, उजेडात काळे पडते आणि नखाबरोबरच वाढून जाते. तिचे नेमके सूत्र मात्र गुपित आहे. पेटंट म्हणजे याच्या उलट सौदा : सगळे उघड लिहा, बदल्यात काही वर्षे हक्क घ्या. म्हणून पेटंटचा कागद कोणीही फुकट वाचू शकतो, ही त्याची खरी शैक्षणिक किंमत आहे. मुंबईसह भारतातल्या पेटंट कार्यालयांतले अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात आणि संगणकावर पाहता येतात.

कागदावर नसलेला रकाना

पेटंटच्या विवरणात पदार्थ कसा बनवायचा ते लिहावे लागते. भारतीय कायद्यानुसार जैविक सामग्री वापरली असेल तर ती कुठून आणली तेही लिहावे लागते. माणसाला, प्राण्यांना किंवा पर्यावरणाला गंभीर हानी करणाऱ्या वस्तूला पेटंट देऊ नये असेही कलम आहे. पण बनवताना जे उरते ते किती आणि ते कुठे जाणार, असा रकाना त्यात नाही. एक किलो रंगामागे किती आम्लयुक्त पाणी बाहेर पडते, हे कागद सांगत नाही.

मोरिवलीच्या शिक्षकांना हा रकाना दिसतो, कारण तो वालधुनी नदीत आहे. अंबरनाथच्या परिसरातल्या डोंगरांतून निघणारी ही नदी शके ९८२ च्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी तिने वर्षानुवर्षे वाहिले. उल्हासनगरातल्या जीन्स धुण्या-रंगवण्याच्या धंद्याने तिला निळा रंगही दिला. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधून नदीत ओतलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना दवाखाना गाठावा लागला.

जीन्सचा उल्लेख मुद्दाम केला. जीन्सला विटके रूप देण्यासाठी पूर्वी ती दगडांबरोबर घुसळत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर त्यासाठी सेल्युलेज हे विकर वापरू लागले. ते सुताचा पृष्ठभाग किंचित खाते आणि निळ सुटते. विकर वापरल्याने दगडांचा चुरा वाचतो आणि लेखांत त्याला 'हरित तंत्र' म्हणतात. ते अर्धे खरे आहे. सुटलेली निळ पाण्यात जायची ती जातेच. प्रथिन कितीही कौशल्याने घडवलेले असो, पाणी शुद्ध करण्याचे काम वेगळे आहे आणि त्याचा खर्च कोणीतरी करावा लागतो.

वर्गासाठी काही सूचना

शोधाच्या गोष्टी सांगू नयेत असे आम्ही म्हणत नाही. त्या सांगाव्यात, पण प्रत्येक गोष्टीला पाच प्रश्न जोडावेत. हे सापडले की घडवले? हक्क नेमका कशावर मागितला : पदार्थावर, पद्धतीवर की उपयोगावर? जेवढे मागितले तेवढे करून दाखवले का? ते चालते आणि निर्धोक आहे हे कोणी, कसे तपासले? आणि बनवताना उरले ते कुठे गेले?

नववी-दहावीच्या मुलांना गटागटाने एकेक पेटंट वाचायला द्यावे. भाषा किचकट असते, म्हणून फक्त पहिला दावा वाचून तो सोप्या मराठीत लिहायला सांगावे. हळदीच्या पहिल्या दाव्याचे मराठी एका वाक्यात होते : जखमी माणसाला पुरेशी हळदपूड द्या म्हणजे जखम भरेल. ते वाचून मुले हसतील, आणि मग एवढ्यासाठी दोन देशांचे वकील का लागले असे विचारतील. तिथून कायदा, इतिहास आणि रसायनशास्त्र असे तिन्ही तास एकाच धाग्यात ओवता येतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी मेंदीच्या शंकूंची वेष्टने गोळा करून त्यांवर घटक छापले आहेत का ते पाहावे. ज्यावर घटकच नाहीत ते हातावर लावू नये, एवढा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढला तरी तास सार्थकी लागला.

आणि पुढच्या वेळी फलकावर पेटंटचे कात्रण लावाल तेव्हा खाली कोऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवून ठेवा. त्या पट्टीवर मुलांना प्रश्न लिहू द्या. मोरिवलीच्या शाळेत पाचवा प्रश्न सर्वांत आधी लिहिला जाईल असा आमचा अंदाज आहे.